घट्ट होण्याची घाई : इपॉक्सी, तिचे उत्प्रेरक आणि तुतनखामेनची दाढी

ऑगस्ट २०१४. कैरोच्या इजिप्शियन संग्रहालयात तुतनखामेनचा सुवर्णमुखवटा काचपेटीबाहेर काढला असता त्याच्या हनुवटीखालची सुमारे अडीच किलो वजनाची दाढी निखळली. तेहतीसशे वर्षांची ही वस्तू पूर्ववत दिसावी या घाईत झटपट घट्ट होणारा इपॉक्सी गोंद आणला गेला आणि दाढी चिकटवून टाकण्यात आली. ती किंचित तिरकी बसली. सांध्यातून गोंदाचा थर डोकावू लागला आणि वाळलेले ओघळ खरवडताना ओरखडे उठले. जानेवारी २०१५ मध्ये बातमी जगभर पसरली. वर्षभराने संग्रहालयाच्या आठ कर्मचाऱ्यांवर कारवाई सुरू झाली.

वृत्तपत्रांनी तेव्हा निष्काळजीपणाची कथा सांगितली आणि ती खरीच आहे. परंतु दाढी निखळणे हा मोठा अनर्थ नव्हता. १९२५ साली हॉवर्ड कार्टरच्या पथकाने मुखवटा हाती घेतला तेव्हाही दाढी सुटीच होती. ती १९४० च्या दशकात जोडण्यात आली. निखळलेली वस्तू पुन्हा जोडता येते. संवर्धकांच्या पोटात गोळा आला तो 'इपॉक्सी' हा शब्द ऐकून. असे का, हे समजण्यासाठी या पदार्थाच्या इतिहासात शिरावे लागते आणि त्या इतिहासाचा गाभा म्हणजे त्याला घट्ट करणारी रसायने. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

माणसाने हजारो वर्षे वापरलेले चिकट पदार्थ घ्या: डिंक, सरस, लाख, मेण, राळ. यांतले काही पाणी उडून गेल्यामुळे घट्ट होतात, काही थंड झाल्यामुळे. म्हणून ते तापवले, भिजवले किंवा योग्य द्रावक लावला की बहुधा सुटतात. नक्षीकाम करणारा कारागीर राळेवर पत्रा बसवतो, ठोकून नक्षी उमटवतो आणि काम झाल्यावर राळ तापवून पत्रा सोडवून घेतो. जोडणे आणि सोडवणे ही त्या कौशल्याची दोन अंगे होती. इपॉक्सी मात्र वाळत नाही आणि गोठतही नाही. तिच्यात सुटे रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी बांधले जातात आणि शेवटी त्या साऱ्या लगद्याचे मिळून जवळजवळ एकच अवाढव्य जाळे तयार होते. हे जाळे तापवून वितळत नाही. द्रावकात ते फुगेल, पण विरघळणार नाही.

या जाळ्याचे मूळ एका लहानशा त्रिकोणात आहे. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे तीन कोपऱ्यांचे कडे म्हणजे इपॉक्साइड. कार्बनचे बंध एरवी सुमारे १०९ अंशांचा कोन करून सुखाने राहतात. येथे त्यांना साठ अंशांच्या आसपास वाकवलेले असते. ताणलेल्या धनुष्यासारखे हे कडे सुटायला निमित्तच शोधत असते. १९०९ मध्ये निकोलाय प्रिलेझायेव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने अशी कडी तयार करण्याची एक रीत प्रसिद्ध केली. त्याआधी १८९१ मध्ये अलेक्सांद्र दियानिन या दुसऱ्या रशियनाने फिनॉल आणि अ‍ॅसिटोन यांपासून बिसफिनॉल ए बनवला होता. पुढे अर्धशतकाने इपॉक्सी रेझिनाचा कणा ठरणारा पदार्थ हाच. दोघांपैकी कोणाच्याही मनात गोंद नव्हता.

गोंद जर्मनीतल्या पाउल श्लाकच्याही मनात नव्हता. आय. जी. फार्बेन या महाकाय रसायन उद्योगसमूहात तो काम करी. १९३४ मध्ये त्याने इपॉक्साइड आणि अमाइन यांच्या संयोगातून मोठे रेणू बनवण्याचे पेटंट मागितले. आज दोन नळ्यांतला गोंद कालवताना आपण जी क्रिया घडवतो तिचे बीज या पेटंटात सापडते. पण श्लाक इतिहासात ओळखला जातो तो नायलॉनच्या जर्मन भावंडासाठी, म्हणजे १९३८ मधल्या पेर्लॉन या धाग्यासाठी. हाच उद्योगसमूह पुढे आउशवित्झजवळच्या मोनोवित्झ येथे कैद्यांच्या श्रमावर कारखाना उभारत होता. विसाव्या शतकातील रसायनशास्त्राचा इतिहास वाचताना हे नाव आले की क्षणभर थांबावेच लागते.

खरी सुरुवात झाली ती झुरिचमध्ये, डी ट्रे या दंतसाहित्य बनवणाऱ्या कंपनीत. पिएर कास्तां हा तेथला रसायनशास्त्रज्ञ कवळीसाठी नवा पदार्थ शोधत होता. तोवर कवळीचा पाया बहुधा व्हल्कनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा असे. कवळीची अट कठोर: घट्ट होताना पदार्थ आकसता कामा नये. साचा जबड्याच्या मापाचा आणि कवळी केसभर लहान, तर ती हिरडीवर बसणार कशी? त्या काळची फिनॉलवर आधारलेली कृत्रिम रेझिने घट्ट होताना पाणी बाहेर टाकीत. इपॉक्साइडचे कडे उघडताना काहीच बाहेर पडत नाही आणि आकुंचनही पुष्कळ कमी होते. कास्तांने बिसफिनॉल ए चे इपॉक्सी रेझीन बनवले आणि थॅलिक अ‍ॅनहायड्राइड घालून ते घट्ट केले. स्विस पेटंटाचा अर्ज १९३८ चा, अमेरिकन पेटंट १९४३ चे.

पण कवळीच्या बाजारात तोवर अ‍ॅक्रिलिक शिरले होते आणि तेच टिकले. डी ट्रे कंपनीने आपले हक्क बाझेलच्या सिबा कंपनीला वापरायला दिले. महायुद्ध संपत असताना स्विस औद्योगिक प्रदर्शनात सिबाने त्यातून घडवलेला गोंद मांडला. त्याचे नाव अ‍ॅरल्डाइट. दातांसाठी निघालेला पदार्थ विमाने, विजेची यंत्रे आणि घरातल्या फुटक्या कपबश्या यांच्याकडे वळला. अटलांटिकपलीकडे त्याच सुमारास डेव्हो अँड रेनॉल्ड्स या रंग बनवणाऱ्या जुन्या अमेरिकी कंपनीत सिल्व्हन ग्रीनली स्वतंत्रपणे तशाच रेझिनांवर काम करत होता. त्याला हवा होता टिकाऊ रंगलेप. कवळी आणि रंग अशा दोन टोकांकडून निघालेली माणसे एकाच रेणूपाशी येऊन ठेपली, हा योगायोग मला फार आवडतो.

आता मुख्य विषय. कास्तांचे अ‍ॅनहायड्राइड घातलेले मिश्रण घट्ट व्हायला सुमारे दीडशे अंश सेल्सिअसची धग तासन्‌तास लागे. कारखान्यात ते चालेल, पण दुरुस्तीच्या बाकावर कसे चालणार? ही वाट सोपी करणारी कल्पना कास्तांच्याच दुसऱ्या पेटंटात आहे. ते अमेरिकेत १९४८ मध्ये मंजूर झाले. त्यात रेझीन घट्ट करण्यासाठी अल्कधर्मी पदार्थ अगदी थोड्या, शेकडा पाचपर्यंतच्या प्रमाणात उत्प्रेरक म्हणून वापरण्याची रीत सांगितली आहे. या अल्कधर्मी पदार्थांत खनिज होते तसे सेंद्रियही होते. व्यवहारात सेंद्रिय अमाइन वरचढ ठरले, आणि त्यामागे एक साधे कारण आहे: कॉस्टिक सोड्यासारखा क्षार दाट, तेलकट रेझिनात नीट मिसळत नाही, सेंद्रिय अमाइन त्यात सहज विरघळते आणि कणाकणापर्यंत पोहोचते.

येथे 'हार्डनर' आणि 'उत्प्रेरक' हे दोन शब्द वेगळे करून घेऊ, कारण बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो. घर बांधायचे तर वासे लागतात. वासे घराचाच भाग होतात, म्हणून ते मोजून आणावे लागतात. कमी पडले तर छप्पर डगमगते आणि जास्त झाले तर उगाच पडून राहतात. प्राथमिक अमाइन असा वासा आहे. त्याच्या नायट्रोजनवरचा प्रत्येक हायड्रोजन एकेका इपॉक्साइड कड्याशी जोडला जाऊ शकतो. दोन नळ्यांच्या गोंदात प्रमाण पाळायला सांगतात ते यासाठी. गोंद लवकर घट्ट व्हावा म्हणून हार्डनर जास्त पिळणारे महाभाग घरोघरी असतात. त्यांच्या वाट्याला कमकुवत सांधा येतो. तृतीयक अमाइन वेगळे आहे. त्याच्या नायट्रोजनवर देण्यासाठी हायड्रोजनच नसतो. ते सुतारासारखे काम करते: एक कडे उघडून देते, तेथे ऋणभारित ऑक्सिजन तयार होतो, तो शेजारचे कडे उघडतो, ते पुढचे. म्हणून त्याची चिमूटभर मात्रा पुरते. (हा सुतार दर वेळी काम संपवून घरी जातोच असे नाही. इमिडाझोल वर्गातले उत्प्रेरक साखळीच्या टोकाला चिकटून कायमचे त्या घरातच राहतात.)

अ‍ॅनहायड्राइडबरोबर हाच सुतार आणखी कौशल्य दाखवतो. तो आधी अ‍ॅनहायड्राइडचे कडे उघडतो. त्यातून तयार झालेला कार्बोक्सिलेट इपॉक्साइडचे कडे उघडतो. त्यातून आलेला ऑक्सिजन पुन्हा अ‍ॅनहायड्राइडचे. एक टाका सुलट, एक टाका उलट अशी ही वीण चालते. लेऑन शेक्टर आणि जॉन विन्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये या क्रियांचे जे विश्लेषण छापले ते आजही या विषयाच्या ग्रंथांत उद्धृत होते. त्याच काळात आणखी एक गोष्ट स्पष्ट होत गेली. अमाइनने कडे उघडले की तेथे हायड्रॉक्सिल गट तयार होतो आणि तो पुढची कडी उघडायला मदत करतो. म्हणजे ही क्रिया स्वतःची उत्प्रेरक स्वतःच निर्माण करते. वाटीभर मिश्रण बराच वेळ शांत राहते आणि मग एकाएकी तापते, क्वचित धुरकटते, ते यामुळे. थर पातळ असेल तर उष्णता निसटते. वाटीत ती कोंडते आणि क्रियेचा वेग आणखी वाढवते.

यानंतरची दोन-तीन दशके म्हणजे या वेगावर लगाम घालण्याचा आणि तो सैल करण्याचा इतिहास. लगाम सैल करणाऱ्यांत प्रसिद्ध झाले ते फिनॉलच्या एका कड्यावर तीन तृतीयक अमाइनचे गट बसवलेले संयुग. अमेरिकेच्या रोम अँड हास कंपनीने दिलेल्या 'डीएमपी-३०' या नावाने ते आजही ओळखले जाते. त्यात अल्कधर्मी अमाइन आणि मदतनीस हायड्रॉक्सिल एकाच रेणूत येतात. अशा तृतीयक अमाइनला गंधकयुक्त मर्कॅप्टन हार्डनरची जोड दिली की क्रिया काही मिनिटांत उरकते. 'पाच मिनिटांत पक्के' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गोंदांचे गुपित हेच आणि त्यांच्या कुजकट वासाचे कारणही हेच.

लगाम घालणाऱ्यांत डायसायनडायअमाइडचे नाव आधी घ्यावे. ही पांढरी पूड नेहमीच्या तापमानाला रेझिनात विरघळतच नाही; महिनोन्‌महिने निमूट पडून राहते आणि भट्टीत तापली की कामाला लागते. रेझिनात भिजवलेले काचकापड गुंडाळून ठेवायचे आणि हवे तेव्हा साच्यात दाबून भाजायचे, ही सोय त्यामुळे झाली. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या हिरव्या पाट्या कित्येक दशके याच पुडीने आणि सोबत किंचित इमिडाझोल घालून घट्ट केल्या गेल्या. चिपभोवतीचे काळे कवच घट्ट करताना ट्रायफिनाइलफॉस्फीन हा फॉस्फरसचा सेंद्रिय उत्प्रेरक वापरतात. १९७० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमधल्या जेम्स क्रिव्हेलोने आयोडोनियम आणि सल्फोनियम क्षारांचा मार्ग दाखवला: अतिनील प्रकाश पडेपर्यंत ते स्वस्थ राहतात आणि प्रकाश पडताच तीव्र आम्ल मोकळे करून इपॉक्सीला घट्ट करतात. हा धागा तुम्ही ज्या यंत्रावर वाचत आहात त्याच्या पोटात या वंशावळीतले कोणी ना कोणी नक्की असणार.

मग वेगाची किंमत काय? नेहमीच्या तापमानाला इपॉक्सी घट्ट होऊ लागली की जाळे दाट होत जाते, रेणूंना हलायला जागा उरत नाही आणि क्रिया अर्ध्या वाटेवर गोठते. कित्येक टोके जोडायची राहून जातात. असा गोंद बोटाला दगडासारखा लागतो, पण पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडू शकतो आणि सततच्या ओझ्याखाली मुंगीच्या पावलांनी सरकत राहतो. या सरकण्याला अभियंते क्रीप म्हणतात.

१० जुलै २००६ रोजी रात्री बोस्टनच्या एका नव्या भुयारी मार्गाचे छत कोसळले. सुमारे २६ टन काँक्रीट आणि लोखंड खाली आले. एका मोटारीतली स्त्री ठार झाली. गाडी चालवणारा तिचा पती वाचला. छताच्या जड फरशा टांगणाऱ्या सळया वरच्या काँक्रीटमध्ये इपॉक्सीने बसवल्या होत्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००७ मध्ये दिलेला निष्कर्ष असा: वापरलेला गोंद झटपट घट्ट होणाऱ्या प्रकारातला होता आणि सततच्या ओढीखाली सरकण्याला विरोध करण्याची त्याची क्षमता तुटपुंजी होती. काही सळया बाहेर सरकल्याचे १९९९ मध्येच लक्षात आले होते. इपॉक्सी त्या दिवशी तुटली नाही. बसवल्या दिवसापासून ती हळूहळू सुटत होती.

म्हणून इपॉक्सी वाईट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६४ ते १९६८ या काळात आस्वान धरणाच्या पाण्यातून अबू सिंबेलची मंदिरे वाचवली गेली. डोंगरात कोरलेल्या त्या मूर्तींचे हजाराहून अधिक ठोकळे कापून सुमारे ६५ मीटर उंचावर नेण्यात आले. काहींचे वजन तीस टनांपर्यंत होते. ठोकळ्यांत भोके पाडून उचलण्याच्या पोलादी सळया कृत्रिम रेझिनाने घट्ट बसवल्या होत्या, कारण ठिसूळ वालुकाश्म नुसत्या दोरांवर पेलला नसता. तेथे कायमचे बंधन हवेच होते आणि ते विचारपूर्वक निवडले गेले.

पन्नास वर्षांनी त्याच देशात, मुखवट्याच्या बाबतीत, तो विचार झाला नाही. ख्रिस्तियान एकमान या जर्मन संवर्धकाच्या नेतृत्वाखाली पथक बसले तेव्हा द्रावकांचा उपयोग मर्यादित होता. त्यांनी गोंदाचा भाग बेताने तापवला आणि मऊ पडलेला थर लाकडी काड्यांनी हळूहळू सोडवला. सोन्यावर धातूचे हत्यार चालवायचे नव्हते. अर्धवट घट्ट झालेल्या इपॉक्सीचा जो दोष बोस्टनमध्ये जिवावर उठला तसलाच गुण येथे उपयोगी पडला, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण वळण वाटते. मग दाढी पुन्हा जोडली ती मधमाशीच्या मेणाने. प्राचीन इजिप्तच्या कारागिरांना ते परिचित होते आणि पुन्हा कधी सोडवायचे झाले तर ते नुसत्या उबेने सुटते. डिसेंबर २०१५ मध्ये मुखवटा प्रेक्षकांसमोर परतला.

आपल्याकडची तुलना अजिंठ्याची. १९२० नंतर निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटत चाललेली चित्रे त्यांनी भिंतीला धरून ठेवली, पण त्यांवर लाखेचा लेपही दिला. काही दशकांत तो पिवळा-तपकिरी पडला आणि निळे, पांढरे रंग त्याखाली बुडाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना तो काढण्यासाठी द्रावक घेऊन इंच इंच लढवावा लागला, तरी बऱ्याच ठिकाणी तो निघाला आणि खालचे रंग पुन्हा दिसले. लाखेऐवजी तेथे इपॉक्सी असती तर? तीही उजेडात पिवळी पडतेच. विशेषतः सुगंधी वर्तुळे असलेल्या रेझिनांना आणि फिनॉलयुक्त उत्प्रेरकांना हा रोग लवकर जडतो. पण तिच्याखालचे रंग परत मिळवण्याची वाटच बहुधा बंद झाली असती.

हे सारे लिहायला कारण आहे. गेल्या काही वर्षांत गडकोटांवर स्वच्छतेसाठी जाणाऱ्या तरुणांकडून एकच प्रश्न वारंवार येतो: "वीरगळ दुभंगली आहे, अ‍ॅरल्डाइटने किंवा एमसीलने जोडू का?" प्रश्नामागची तळमळ खरी असते आणि वस्तूही हाताशी असते. अ‍ॅरल्डाइटचा भारतातला घरगुती व्यवसाय २०२० पासून मुंबईच्या पिडिलाइटकडे आहे. एमसील त्यांच्याकडे आधीपासून होतेच. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही मिळतात. तरीही उत्तर नाही असेच आहे. उन्हात इपॉक्सी बेसॉल्टच्या कित्येक पट प्रसरण पावते, म्हणून सांधा टिकला तर शेजारचा दगड तडकतो. दगडातला ओलावा तिच्यातून बाहेर पडू शकत नाही, तो मागे साचतो. आणि तिरके जोडले गेले तर सह्याद्रीच्या माथ्यावर कोणी एकमान लाकडी काड्या घेऊन येणार नाही. संरक्षित स्मारक असेल तर हा अधिकार कायद्यानेही आपला नाही. वेळ पडल्यास प्रशिक्षित संवर्धक दगडात इपॉक्सी वापरतातही, पण कोणती, किती आणि कोणत्या थरावर, हे ठरवून.

तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे. तुकडे जेथे आहेत तेथे, मोजपट्टी ठेवून, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि ती पुरातत्त्व विभागाच्या जवळच्या कार्यालयाला जागेच्या खुणेसह पाठवा. तुटलेल्या कडा घासू नका, ब्रशने धुऊ नका, शेंदूर किंवा तेल लावू नका. त्या खडबडीत कडांवरूनच तुकड्याला तुकडा जुळतो. लहान चिपाही टाकू नका.

प्रश्न असतील तर खाली विचारा. इमिडाझोलांवर वेगळा धागा हवा असेल तर तेही सांगा. ते प्रकरण येथे दोन वाक्यांत उरकावे लागले.